मेल फोनवर येतो, पण जुळतो का? एक्स्चेंज अ‍ॅक्टिव्हसिंकचा आढावा

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचून झालेला मेल फोनवर अजून ठळक अक्षरांतच दिसतो. फोनवरून उडवलेला मेल कॉम्प्युटरवरच्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये जिवंत असतो. फोनवर होकार दिलेली मीटिंग ऑफिसच्या कॅलेंडरात अनुत्तरित पडून असते. असं होत असेल तर नवा मेल दोन सेकंदांत आला की दहा, याला काय अर्थ? विक्रेते मेल किती झटकन येतो ते दाखवतात, कारण ते दाखवायला सोपं असतं. वापरणाऱ्याला रोज छळतं ते दोन्हीकडचं चित्र न जुळणं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरशी फोनवरचा मेल आणि कॅलेंडर जुळवणारं एक्स्चेंज अ‍ॅक्टिव्हसिंक आम्ही इथे याच कसोटीवर तपासलं आहे. व्यवस्था जुनी आहे, तरी निकाल बराच चांगला आहे. पण ती बिघडते तेव्हा दोष बहुतेकदा फोनमध्ये शोधला जातो आणि सापडतो भलतीकडेच.

आधी एक गैरसमज. आजच्या बिनतारी सिंकमध्ये, म्हणजे दोन्हीकडचं चित्र जुळवण्यात, फोन आणि ऑफिसचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघंही सर्व्हरवरच्या एकाच मेलबॉक्सशी बोलतात. त्यामुळे आउटलुकमध्ये कुणी मेल उचलून त्याच कॉम्प्युटरवरच्या पीएसटी या साठवणीच्या फाइलमध्ये टाकले, की ते सर्व्हरवरून गेले, म्हणजे फोनवरूनही गेले. ‘फोनने माझे मेल खाल्ले’ या तक्रारीमागे अनेकदा जुने मेल आपोआप अशा फाइलमध्ये हलवणारं ऑटो-आर्काइव्ह असतं. तीच गत नियमांची, म्हणजे मेल आपोआप फोल्डरांत टाकणाऱ्या सूचनांची. आउटलुकमधले काही नियम फक्त त्या कॉम्प्युटरवर चालतात. कॉम्प्युटर बंद असेल तर मेल आपापल्या फोल्डरांत जात नाहीत आणि फोनच्या इनबॉक्समध्ये ढीग साचतो. नियमांच्या यादीत असा नियम ‘केवळ क्लायंट’ म्हणून ओळखता येतो. तो सर्व्हरवर चालेल अशा अटींत पुन्हा लिहा, फोनला हात लावायची गरज नाही.

आता यंत्रणा. अ‍ॅक्टिव्हसिंक साध्या एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्याच मार्गाने, पोर्ट ४४३ वरून चालतं आणि मजकूर आटोपशीर ठेवण्यासाठी डब्ल्यूबीएक्सएमएल या बायनरी रूपात पाठवतं. ब्लॅकबेरीची पद्धत वेगळी होती. ऑफिसातला ब्लॅकबेरी सर्व्हर पोर्ट ३१०१ वरून बाहेर कंपनीच्या नेटवर्कशी जोडलेला राहायचा आणि मेल त्या नेटवर्कमधून फोनवर यायचा. हा प्रकार अतिशय चोख चालायचा, पण मधलं नेटवर्क दुसऱ्याच्या हातात होतं. जुन्या ब्लॅकबेरी फोनांसाठीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या. अ‍ॅक्टिव्हसिंकमध्ये असा मध्यस्थ नाही. मात्र मधला रस्ता नीट राखायची जबाबदारी तुमच्यावर येते.

तो रस्ता म्हणजे या व्यवस्थेचा प्राण. एक्स्चेंज २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंत (सुधारणांच्या संचापर्यंत) सर्व्हर फोनला जागं करायला एसएमएस पाठवायचा. २००५ मध्ये त्या सर्व्हिस पॅकबरोबर डायरेक्ट पुश आलं. फोन सर्व्हरला ‘पिंग’ नावाची विनंती पाठवतो: या या फोल्डरांवर लक्ष ठेव आणि इतके सेकंद वाट पाहा. सर्व्हर लगेच उत्तर देत नाही, विनंती हातात धरून ठेवतो. मधल्या काळात काही बदललं तर स्टेटस २ आणि बदललेल्या फोल्डरचं नाव येतं, मग फोन ‘सिंक’ची विनंती पाठवून फक्त बदल उचलतो. काहीच घडलं नाही तर वेळ संपताना स्टेटस १ येतो आणि फोन पुन्हा पिंग टाकतो. वाट पाहण्याच्या या मुदतीला हार्टबीट म्हणतात. एक्स्चेंजची मूळ मर्यादा किमान ६० आणि कमाल ३५४० सेकंद, म्हणजे ५९ मिनिटं. कनेक्शन टिकतंय असं दिसलं की फोन मुदत वाढवत नेतो, तुटलं की कमी करतो. मुदत जितकी लांब, तितकी बॅटरी वाचते.

मधल्या फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याला, हे प्रेम कळत नाही. तिला दिसतं ते एवढंच की एक जोडणी कितीतरी मिनिटं गप्प आहे. ५ मिनिटांची मर्यादा असेल तर ती जोडणी मुकाट तोडते. फोनला वाटतं, लाइन चालू आहे. सर्व्हर उत्तर पाठवतो ते कुठेच पोहोचत नाही. पुढची पिंग जाईपर्यंत मेल अडकून राहतो आणि मग चार-पाच एकदम येतात. फोन हार्टबीट आखडत आणतो, रेडिओ सारखा जागा होतो, बॅटरी दुपारीच मान टाकते. मायक्रोसॉफ्टची शिफारस फायरवॉलवर ३० मिनिटांच्या मुदतीची आहे. फोनांच्या अलीकडच्या हार्टबीटची सरासरी ९ मिनिटांवर किंवा त्याखाली आली, की एक्स्चेंज लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ३०३३ क्रमांकाची नोंद टाकतो. ती नोंद दिसली तर फोन बदलत बसू नका. फायरवॉल, लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटणारा), रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे उभा राहणारा मध्यस्थ) अशा प्रत्येक टप्प्याची मुदत पाहा, कारण सगळ्यांत छोटी मुदतच राज्य करते. एकाच ठिकाणी ३० केलं आणि पुढच्या लोड बॅलन्सरवर ४ मिनिटं राहिली, तर काहीच साधलं नाही.

दोष कुठे आहे हे शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. फोन चार्जरवरून काढा, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ठेवा, स्क्रीन बंद करून २० मिनिटं हात लावू नका, मग दुसऱ्या खात्यावरून मेल पाठवा आणि यायला किती वेळ लागतो ते मोजा. हेच वाय-फायवर करा. मोबाइल डेटावर वेळेत आणि वाय-फायवर उशिरा येत असेल तर ऑफिसचा राउटर संशयित. दोन्हीकडे उशीर असेल तर सर्व्हरच्या दारातलं काहीतरी. स्क्रीन उघडताच धडाधड मेल येत असतील तर मात्र फोनच दोषी. अँड्रॉइड ६.० पासून आलेलं ‘डोझ’ स्थिर पडलेल्या फोनवर पार्श्वभूमीतलं नेटवर्क रोखतं. मेल अ‍ॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सूट द्या.

खातं जोडणं सोपं आहे, जर ऑटोडिस्कव्हर, म्हणजे फोनला सर्व्हर आपोआप शोधून देणारी सोय, नीट लावलं असेल तर. डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत) ‘ऑटोडिस्कव्हर’ नावाची नोंद आणि त्या नावाचं वैध सर्टिफिकेट असलं की फक्त पत्ता टाकून काम होतं. स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावून प्रत्येक फोनवर ‘तरीही पुढे जा’ दाबायला शिकवणं ही वाईट काटकसर आहे. ऑनलाइन एक्स्चेंजवर ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या पासवर्डची जुनी पद्धत बंद करत नेली गेली. तिथे ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन वापरणारी ओळखपद्धत, लागतं आणि ते न समजणारी जुनी मेल अ‍ॅप्स पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारत राहतात.

पहिल्या सिंकला घाई करू नका. फोनवर किती मागचे मेल हवेत याचे पर्याय १ दिवस, ३ दिवस, १ आठवडा, २ आठवडे, १ महिना आणि ‘मर्यादा नाही’ असे असतात. आधी ३ दिवस ठेवून वाय-फायवर सिंक पूर्ण होऊ द्या, मग १ महिना करा. त्याहून जुना मेल सर्व्हरवर शोधून मिळतो, तो फोनवर साठवायचं कारण नाही. प्रत्येक फोल्डरसाठी सर्व्हर आणि फोन एक सिंक-की सांभाळतात आणि ती दर फेरीला पुढे सरकते. मेलबॉक्स बॅकअपवरून परत आणला आणि दोघांच्या किल्ल्या जुळेनाशा झाल्या, की तो फोल्डर शून्यापासून उतरवावा लागतो. त्या दिवशी सगळे फोन मंद असतील, हे लोकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. एकाच फोनवर एकच फोल्डर अडला असेल तर खातं काढून पुन्हा जोडणं हा खरा उपाय. पण त्याआधी आउटबॉक्स आणि ड्राफ्ट पाहा. प्रोटोकॉलच्या १६.० आवृत्तीआधी ड्राफ्ट सिंक होत नव्हते, ते फोनवरच राहायचे आणि खात्याबरोबर जायचे.

कॅलेंडर ही अ‍ॅक्टिव्हसिंकची खरी कमाई आणि खरी डोकेदुखीही. मेल, संपर्क, कॅलेंडर, कामांची यादी सगळं एकाच जोडणीतून येतं, याची सोय मोठी आहे. पण मीटिंग ही दोन्ही बाजूंनी बदलता येणारी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आयओएस ६.१ असलेले फोन पुनरावर्ती मीटिंगच्या एका अपवादावर अडकून सर्व्हरला सतत विनंत्या पाठवत राहिले आणि एक्स्चेंजचे ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाच्या नोंदी) भराभर फुगले. दुरुस्ती त्याच महिन्यात ६.१.२ मध्ये आली. लॉगची डिस्क अचानक भरू लागली तर कुठला फोन सर्वाधिक विनंत्या टाकतोय हे पाहण्याची सवय तेव्हापासून अनेक अ‍ॅडमिननी लावून घेतली. ती सोडू नका. वापरणाऱ्यांसाठी नियम साधा: दर आठवड्याच्या मीटिंगची वेळ बदलायची असेल तर ती कॉम्प्युटरवरून बदला. साहेबांचं कॅलेंडर सहायक सांभाळत असेल तर मीटिंगला उत्तर दोघांपैकी एकानेच द्यावं.

आपल्याच सर्व्हरवर पासवर्डची जुनी पद्धत चालू असेल तर एक हमखास प्रसंग येतो. कुणीतरी कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलतं, खिशातला फोन आणि कपाटातला विसरलेला टॅबलेट जुनाच पासवर्ड पाठवत राहतात. लॉकची मर्यादा ५ चुकांची असेल तर खातं काही मिनिटांत बंद. अ‍ॅडमिन उघडतो, ते परत बंद. बदलाआधी सगळी उपकरणं विमान मोडवर टाका, पासवर्ड बदला, मग एकेक करून नवा पासवर्ड भरा. दुसरा प्रसंग अ‍ॅडमिन मंडळींचाच: सगळ्यांचे फोन जुळतात, फक्त त्यांचा स्वतःचा जुळत नाही आणि लॉगमध्ये १०५३ ची नोंद असते. डोमेन अ‍ॅडमिनसारख्या संरक्षित गटातल्या खात्यांना वरून वारशाने मिळणारी परवानगी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसच्या खात्यांची यादी सांभाळणारी व्यवस्था) काढून टाकते, त्यामुळे एक्स्चेंजला उपकरणाची नोंद करता येत नाही. परवानगीची खूण हाताने लावली तरी दर ६० मिनिटांनी फिरणारी प्रक्रिया ती परत काढते. मेलसाठी साधं खातं आणि देखभालीसाठी वेगळं, हाच कायमचा तोडगा.

अटॅचमेंटबाबत थोडक्यात: स्वतःच्या एक्स्चेंजवर अ‍ॅक्टिव्हसिंकची मूळ मर्यादा १० एमबी आहे आणि बेस-६४ या फाइलला मजकुरात बदलणाऱ्या पद्धतीमुळे ती सुमारे एक तृतीयांश फुगते. म्हणून साडेसात एमबीच्या आसपासचा फोटोंचा मेल फोनच्या आउटबॉक्समध्ये अडकून बसतो आणि कॉम्प्युटरवरून आरामात जातो. सर्व्हरच्या वेब कॉन्फिग या सेटिंग-फाइलींमधल्या आकाराच्या सगळ्या मर्यादा वाढवाव्या लागतात, एकच वाढवून भागत नाही.

फोन हरवल्यावर तो दुरून पुसण्याची सोय मोलाची आहे, पण ती समजून वापरा. आज्ञा लगेच फोनवर पोहोचत नाही. फोन पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलेल तेव्हाच ती अमलात येते. सिम काढलेला, नेटवर्क नसलेला फोन तसाच राहतो. फोनच्या मूळ मेल अ‍ॅपवर पूर्ण पुसण्याची आज्ञा दिली तर ऑफिसच्या मेलबरोबर घरचे फोटोही जातात, तर आउटलुक अ‍ॅपमध्ये फक्त त्या अ‍ॅपचा डेटा जातो. प्रोटोकॉलच्या १६.१ आवृत्तीपासून नुसतं खातं पुसण्याची आज्ञाही आहे, कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनांसाठी तीच वापरावी. फोन परत सापडला तर पुन्हा जोडण्याआधी सर्व्हरवरची जुनी नोंद काढा, नाहीतर जोडताक्षणी तो पुन्हा कोरा होईल.

हे सगळं करण्याऐवजी आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची खुली पद्धत, का नको? फक्त मेल हवा असेल तर खुशाल घ्या. १९९७ च्या आरएफसी २१७७ या इंटरनेट मानकातलं ‘आयडल’ हेही सर्व्हरकडून खबर देतं, आणि क्लायंटने निदान दर २९ मिनिटांनी ते नव्याने सुरू करावं असं त्यात सुचवलं आहे. मात्र एक जोडणी एकाच निवडलेल्या फोल्डरवर लक्ष ठेवते. आयफोनचं मूळ मेल अ‍ॅप सर्वसाधारण आयमॅप खात्यांवर आयडल वापरतच नाही, जास्तीत जास्त दर १५ मिनिटांनी जाऊन पाहतं. कॅलेंडरसाठी कॅलडाव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडाव्ह वेगळं जोडावं लागतं, आणि पाठवलेल्या मेलचे दोन-तीन वेगळ्या नावांचे फोल्डर तयार होतात. ते फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एकाच फोल्डरला जोडून द्या. पॉप या मेल उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीचा तर विचारही नको. एका उपकरणाने मेल उतरवून सर्व्हरवरून काढला की दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एक्स्चेंज परवडत नसेल तर झेड-पुश हे मुक्त सॉफ्टवेअर तोच प्रोटोकॉल पीएचपी या वेब-भाषेत पुरवतं, सोगो या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे. चालतं बरं. फक्त लक्षात ठेवा, प्रत्येक थांबलेली पिंग वेब सर्व्हरची एक प्रक्रिया अडवून बसते. ८० फोन असतील तर ८० प्रक्रिया कायम व्यापलेल्या, त्यावर वेबमेल आणि बाकीचं. अपाचे या वेब सर्व्हरची प्रक्रियांची मर्यादा आधी वाढवा, आणि पीएचपीची कमाल वेळ हार्टबीटपेक्षा जास्त ठेवा.

एक उणीव मात्र सेटिंगने जात नाही. सामायिक मेलबॉक्स, म्हणजे चौकशी किंवा लेखा विभागाचा सगळ्यांनी मिळून पाहायचा पत्ता, अ‍ॅक्टिव्हसिंकमधून फोनच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये येत नाही. ज्यांचं अर्धं काम अशा पत्त्यावर चालतं त्यांनी पहिल्या दिवसापासून आउटलुक अ‍ॅपच लावावं.