रिकरन्स सोडवायला शिकवणारा व्हिडिओ कोर्स : पाया भक्कम, एक धडा अपुरा

अल्गोरिदमच्या विश्लेषणात येणारे एकघाती रिकरन्स संबंध (म्हणजे पुढचे पद आधीच्या पदांवरून देणारी समीकरणे) कसे सोडवावेत, यावरचा एक व्हिडिओ कोर्स मी नुकताच पूर्ण केला. सूत्र पाठ असणे वेगळे आणि ते का लागू पडते हे कळणे वेगळे. हा कोर्स बहुतांशी दुसऱ्या गोष्टीसाठी झटतो.

सुरुवात फिबोनाची मालिकेच्या (प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज) साध्या रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या, प्रोग्रामने होते. ५वे पद काढताना फंक्शन १५ वेळा कॉल होते, हे झाड काढून मोजून दाखवले आहे आणि ही संख्या दर पायरीला सुमारे १.६१८ पटीने का वाढते, याचे उत्तर कॅरॅक्टरिस्टिक समीकरणाच्या (पदांच्या जागी एका संख्येचे घात ठेवून मिळणाऱ्या समीकरणाच्या) मुळातून काढले आहे.

सर्वांत सरस धडा पुनरावृत्त मुळांचा आहे. टी(एन) = ४टी(एन−१) − ४टी(एन−२) या संबंधात २ हे एकच मूळ दोनदा येते. शिक्षक आधी मुद्दाम फक्त 'ए गुणिले २ चा एनवा घात' एवढेच उत्तर धरतात. टी(०) = १ घातल्यावर ए ची किंमत १ येते, टी(१) = ४ घातल्यावर २ येते, आणि एका स्थिरांकाने दोन अटी भागत नाहीत हे डोळ्यांसमोर सिद्ध होते. मग एन ने गुणलेले दुसरे पद येते, उत्तर (एन+१) गुणिले २ चा एनवा घात असे निघते आणि १, ४, १२, ३२ ही पदे ताडून पाहिली जातात. इतकी प्रामाणिक मांडणी क्वचितच पाहायला मिळते.

असमघाती संबंधांचा, म्हणजे उजवीकडे मागच्या पदांखेरीज आणखी एखादे पद असलेल्या संबंधांचा, धडा मात्र घाईत उरकला आहे. हॅनॉयच्या मनोऱ्याचे (चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवण्याच्या कोड्याचे) २ चा एनवा घात वजा १ हे उत्तर नीट काढले आहे, परंतु उजवीकडचे ते जादा पद मुळाच्याच घाताशी जुळले तर काय करायचे, यावर 'एन ने गुणा' एवढे एकच वाक्य आहे. ही उणीव मला फार खटकली, कारण मर्ज सॉर्टच्या (यादी अर्धी-अर्धी करून क्रमाने लावण्याच्या पद्धतीच्या) टी(एन) = २टी(एन/२) + एन या संबंधात एन च्या जागी २ चा केवा घात ठेवला आणि टी(एन) ला एस(के) म्हटले, की एस(के) = २एस(के−१) + २ चा केवा घात हाच प्रकार समोर येतो. 'स्थिरांक गुणिले २ चा केवा घात' हा नेहमीचा अंदाज घातल्यास दोन्ही बाजूंची पदे कटून शून्य बरोबर २ चा केवा घात असे अशक्य विधान उरते. के ने गुणल्यावर मात्र गणित सुटते, आणि तो के म्हणजेच मर्ज सॉर्टला लागणाऱ्या वेळेच्या एन लॉग एन या सूत्रातला लॉग. पुनरावृत्त मुळांच्या धड्यातला 'एन' हा गुणक इथे पुन्हा भेटतो, हे सांगायला आणखी दहा मिनिटे पुरली असती.