झेनिथचा रडर किट: विमान बांधण्याआधी बांधून पाहण्याची वस्तू

घरी विमान बांधण्याचा विचार ज्यांच्या डोक्यात बरेच दिवस घोळतो आहे, त्यांनी संपूर्ण किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, मागवण्यापूर्वी शेपटीचा एखादा भाग बांधून पाहावा, असे या छंदातली जुनी मंडळी सांगत आली आहेत. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील झेनिथ एअरक्राफ्ट कंपनीचा ‘रडर स्टार्टर किट’ त्याचसाठी विकला जातो. सीएच ७५० या दोन आसनी विमानाचा हा किट मी छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजलगतच्या बजाजनगरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधला. माझे मत आधीच सांगून टाकतो. वस्तू म्हणून किट उत्तम आहे आणि त्यात पैसे वसूल होतात. परंतु तो बांधून झाला म्हणजे पुढचे विमान होणारच, असे मराठवाड्यात बसून कोणी समजू नये. आपल्याकडे पत्र्याचे काम अडत नाही. ते जाणणारे हात वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत. अडते ते कागद, इंधन आणि धावपट्टी यांपाशी, आणि त्याविषयी हा किट काही शिकवू शकत नाही.

कंपनीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. या विमानांचे आरेखन ख्रिस हाइन्ट्झ या अभियंत्याचे. फ्रान्समध्ये काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या कामावर आणि नंतर रॉबिन या विमान कंपनीत मुख्य अभियंता म्हणून काम केलेल्या या माणसाने १९६९ साली स्वतःसाठी एक छोटे धातूचे विमान बांधले आणि पुढचे आयुष्य सामान्य माणसाला घरी बांधता येतील अशी विमाने आखण्यात घालवले. झेनिथ कंपनी १९९२ पासून मिसुरीतल्या मेक्सिको नावाच्या छोट्या शहरात हे किट बनवते. सीएच ७५० हे विमान २००८ साली बाजारात आले. रिकामे असताना त्याचे वजन सुमारे ३५० किलो भरते, पंखांच्या पुढच्या कडेला कायमच्या बसवलेल्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामुळे हे विमान फार कमी वेगातही हवेत टिकून राहते.

रडर म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू. बहुतेक विमानांत शेपटीचा उभा भाग पुढे स्थिर असतो आणि त्यामागचा पडदा तेवढा हलतो. या विमानात तसा स्थिर भागच नाही, अख्खे सुकाणू वळते. त्यामुळे हा एकच भाग बांधताना विमानातल्या जवळजवळ सगळ्या कामांची चव मिळते. मधला स्पार म्हणजे भार पेलणारा कणा, त्याला जोडलेल्या रिब म्हणजे आकार देणाऱ्या फासळ्या, पुढचे वळवलेले नाक आणि या सर्वांवरून चढणारी पत्र्याची स्किन, म्हणजे बाहेरचे आवरण, अशी त्याची रचना आहे. पत्रा ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमचा असून स्किनची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हातात घेतल्यावर हा विमानाला पुरेल का, अशी शंका यावी इतकी. ताकद पत्र्याच्या जाडीत नसून त्याला दिलेल्या आकारात असते, हे पुस्तकात वाचून फारसे पटत नाही. स्किन बंद झाल्यावर तेच लवचीक पत्रे दोन्ही हातांनी पिळायला जावे आणि ते तसूभरही पिळले जाऊ नयेत, तेव्हा मात्र पटते.

आरेखनपत्रांचा उल्लेख केलाच पाहिजे. अमेरिकी माल म्हटला की आपल्या फिटरच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण सगळी मापे इंचात येणार असे तो गृहीत धरतो. येथे लांबी-रुंदी आणि रिव्हेटमधले, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांमधले, अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले आहे. हाइन्ट्झ मूळचा युरोपातला, हे त्याचे कारण असावे. पत्र्याची जाडी तेवढी इंचाच्या हजारांशांत आणि रिव्हेट इंचाच्या अपूर्णांकात आहेत. दोन आकारांचे रिव्हेट लागतात, एक अष्टमांश इंचाचे आणि पाच बत्तिसांश इंचाचे. त्यांच्यासाठी अमेरिकेत ३० आणि २० क्रमांकाची ड्रिल वापरतात. ती येथे मागत फिरण्याची गरज नाही. आपल्याकडची ३.३ आणि ४.१ मिलिमीटरची ड्रिल त्यांच्या इतकी जवळ आहेत की काम बिनघोर होते. फक्त ड्रिल चांगल्या कंपनीचे आणि नवे घ्यावे. बोथट ड्रिल पातळ पत्र्यात गोल भोक न पाडता तिकोनी पाडते आणि मग त्या भोकात रिव्हेट भरून बसत नाही.

बरीचशी भोके कारखान्यातच संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर पाडलेली येतात, त्यामुळे रेषा आखून सेंटर पंच मारत बसण्याचा जुना खटाटोप पुष्कळ वाचतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. दोन पत्रे एकावर एक ठेवून क्लेकोने, म्हणजे भोकात घालून तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी, पकडायचे, उरलेली भोके आरपार करायची, मग पुन्हा सगळे सुटे करून प्रत्येक भोकाचा दोन्ही बाजूंनी बर, म्हणजे ड्रिल केल्यावर कडेला उरलेली धारदार कोर, काढायचा. नवखा माणूस येथे कंटाळतो आणि नेमकी हीच पायरी गाळतो. बर राहिला तर दोन पत्र्यांत केसाएवढी फट उरते, रिव्हेट ती फट मिटवू शकत नाही, आणि उड्डाणातल्या थरथरीने तो सांधा हळूहळू सैल होत जातो. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या आमच्याकडच्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. त्याचा अंगठा भोकावरून आपोआप फिरतो.

रिव्हेट ही या किटमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. मी काम करत असताना शेजारच्या एका मुलाने विचारले होते, “काका, कूलर बनवू राहिले का?” प्रश्न अगदीच वावगा नव्हता, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे कूलर बनवणारे आपले कारागीर हेच पॉप रिव्हेट, हीच रिव्हेट ओढण्याची हातातली गन आणि जवळपास याच पद्धतीने काम करतात. फरक दोन आहेत. कंपनीच्या रिव्हेटची ताकद ठरलेली व तपासलेली असते आणि आरेखनातला प्रत्येक सांधा त्या आकड्यावर बेतलेला असतो, तर हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यावर असा कोणताही आकडा नसतो. म्हणून दोन रिव्हेट कमी पडले तरी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून आणून भरू नयेत. दुसरा फरक गनच्या तोंडाचा. रिव्हेटचे डोके मुळात चपटे, उतरत्या कडांचे असते. गनच्या तोंडाला खोलगट वाटीसारखा आकार दिलेला असल्यामुळे रिव्हेट ओढताना ते डोके दाबले जाऊन गोल घुमटाकार बनते आणि पत्र्यावर घट्ट बसते. एक रिव्हेट ओढून डोक्याखाली कागदाची कड सरकते का, ते पाहावे. सरकली नाही तर काम ठीक आहे. भरीव रिव्हेट ठोकण्याच्या पद्धतीत एकाने हातोडी आणि दुसऱ्याने मागून ठोकळा धरावा लागतो; येथे एकटा माणूस सगळे काम करू शकतो, आणि छंद म्हणून रात्री नऊनंतर शेडमध्ये बसणाऱ्यासाठी ही गोष्ट लहान नाही. शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते.

आपल्या हवेचा विचार किटच्या पुस्तिकेत असण्याचे कारण नाही, तो आपणच करावा. ॲल्युमिनियम तापमानाने पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरते. एक मीटर पत्र्याला वीस अंशांचा फरक पडला की लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर बदलते. मे महिन्यात शेडच्या दारातून आलेले ऊन स्किनच्या एका बाजूवर पडले असेल आणि रिब सावलीतून उचलून आणल्या असतील, तर कारखान्यात तंतोतंत पाडलेली भोकेही जुळेनाशी होतात आणि माणूस उगाच किटला दोष देतो. सगळे भाग रात्रभर एकाच जागी ठेवून पहाटे काम केले की ही तक्रार उरत नाही. दोन पत्रे जेथे एकमेकांना भिडतात तेथे गंजरोधक लेप द्यायचा असतो. त्यासाठी पाण्यात विरघळणारे सौम्य लेप मिळतात. जुन्या पिवळ्या झिंक क्रोमेटचा मोह टाळावा, त्यातला क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि घरच्या शेडमध्ये लहान मुले येत-जात असतात.

स्किन बंद करण्याच्या टप्प्यावर घाई करू नये. मागच्या कडेला वळवलेली स्किन पुस्तकासारखी उघडी असते, तिच्यात सांगाडा बसवून दोन्ही पाने पुढे ओढून क्लेकोने धरायची असतात. शेवटचा रिव्हेट ओढण्यापूर्वी सुकाणूत पीळ नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण पीळ राहिलेले सुकाणू विमानाला कायम एका बाजूला ओढत राहील आणि रिव्हेट झाल्यावर पीळ काढता येत नाही. त्यासाठी कंपनी सपाट टेबल सुचवते. आपल्याकडे टूलरूममध्ये ग्रॅनाइटचे सरफेस प्लेट, म्हणजे मापे तपासण्याचा अगदी सपाट दगड, असते, ओळखीने तासभर मिळाले तर त्याहून चांगली कसोटी नाही.

किटमध्ये हत्यारे नसतात, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. ड्रिल मशीन, कानस, पत्रा कापण्याच्या कात्र्या येथे सहज मिळतात. क्लेको, ते बसवण्याची पक्कड आणि गनची खोलगट तोंडे मात्र किटसोबतच मागवावीत. वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा खर्च मनात धरलेल्या अंदाजाच्या पुढे जातो. माझी पेटी मुंबईत अडकून पडली, कारण माल सोडवून देणाऱ्या एजंटाने ती ॲल्युमिनियमच्या वस्तू म्हणून सीमाशुल्काच्या दरसूचीतल्या ७६ व्या प्रकरणात दाखवली होती. विमानाचे सुटे भाग ८८ व्या प्रकरणातल्या ८८०७ या शीर्षकाखाली येतात. पावतीवर हा क्रमांक आधीच लिहवून घ्यावा आणि एजंटावर विसंबून राहू नये.

आता पुढच्या विमानाविषयी, कारण सुकाणू बांधून झाल्यावर प्रत्येकाची नजर तिकडेच वळते. कंपनी जाहिरातीत सुमारे शंभर फूट धावून हे विमान उचलते असे सांगते. तो आकडा समुद्रसपाटीच्या आणि थंड हवेच्या हिशेबाचा आहे. चिकलठाणा विमानतळाची उंची १९०० फुटांहून थोडी अधिक आहे. तेथे ४२ अंशांच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमान साधारण ५६०० फुटांवर असल्यासारखे वागते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचल घटते आणि धावपट्टी लांब लागते. स्वतःच्या शेतात पट्टी करू, असे म्हणणाऱ्यांनी आपली काळी जमीन आठवावी. उन्हाळ्यात तिला चाक अडकेल इतक्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच जागी गुडघाभर चिखल असतो. मुरूम टाकून, रोलर फिरवून पक्की केलेली पट्टी हा वेगळाच खर्च आहे, आणि तिचीही परवानगी लागतेच.

इंधनाचे त्याहून अवघड आहे. या विमानावर अनेकजण ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१२ इंजिन बसवतात, ८० किंवा १०० अश्वशक्तीचे, आणि पंपावरचे साधे पेट्रोल चालते हा त्याचा मोठा गुण मानला जातो. परंतु त्या मालिकेसाठी रोटॅक्सची मान्यता १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे पेट्रोल येते. लातूर-धाराशिवच्या उसापासून काढलेले इथेनॉल ज्यात आहे तेच पेट्रोल आपल्या विमानाला चालू नये, हा योगायोग मजेशीर असला तरी टाकी भरताना हसू येणार नाही. विमानाचे पेट्रोल, अर्थात अवगॅस, मिळवावे लागेल आणि ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही.

राहिला कागदांचा प्रश्न. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग छंदिष्टाने स्वतः बांधला असेल तर त्याला प्रायोगिक गटात मान्यता मिळते आणि हजारो विमाने त्या वाटेने उडत आहेत. आपल्याकडे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून घ्यावी लागते, आणि ती वाट फारशी मळलेली नाही. मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. त्यांचे विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, व्हीटी-एनएमडी या नावाने त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, आणि तोवर त्यांची अनेक वर्षे त्यात गेली होती. ते व्यावसायिक वैमानिक होते, हेही विसरू नये. म्हणून रडरच्या पहिल्या भोकापासून प्रत्येक टप्प्याची तारखेनिशी वही आणि छायाचित्रे ठेवावीत. उद्या कोणी अधिकारी हे काम कोणी केले असे विचारील, तेव्हा तोंडी उत्तर पुरणार नाही.

ज्याला पत्र्याच्या कामाची गोडी आहे, बर काढताना जो कंटाळत नाही आणि सुकाणू भिंतीवर टांगून ठेवावे लागले तरी ज्याला पैसे बुडाल्यासारखे वाटणार नाही, त्याने हा किट जरूर घ्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तर तो घ्यावाच, कारण स्पार आणि रिब यांवरची वर्गातली आकृती एका सत्रात हातात येते. ज्याला लवकर उडायचे आहे त्याने मात्र हेच पैसे उड्डाण प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावेत. माझ्यापुरते, पंखांच्या किटची चौकशी मी तूर्त थांबवली आहे. नोंदणीविषयी दिल्लीला पाठवलेल्या पत्राचे उत्तर आले की पुढचे ठरवीन.