थकलेली घरपट्टी: एकरकमी भरावी की हप्त्यांनी?
एकरकमी भरणा केला की व्याजाचं मीटर तिथेच थांबतं, जप्तीची टांगती तलवारही उतरते. पावतीवर मात्र कोणत्या वर्षांची बाकी फिटली ते लिहून घ्या, नाहीतर जुनी वर्षं पुन्हा डोकं वर काढतात.

हप्ते सोयीचे वाटतात, पण हिशेब बघा. थकबाकी 40,000 आणि व्याज दरमहा 2 टक्के धरा: 1,000 चा हप्ता भरला तर 800 व्याजातच जातात, मुद्दल घटतं जेमतेम 200. त्यात चालू वर्षाचं बिल वेगळंच! एक चेक परत गेला तरी हप्त्यांची सवलत मोडू शकते. म्हणून हप्त्यांची मंजुरी लेखीच घ्या. थकबाकीवरच्या व्याजापेक्षा कमी व्याजाचं कर्ज मिळत असेल तर एकरकमीच परवडतं.