टीव्ही क्विझच्या प्रश्नांचं ॲप : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. ॲप फोनवर ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. पण सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ‘पर्याय नंतर दाखवा’ असं एक बटण आहे, ते चालू करूनच वापरा. ते बंद असेल तर हा निव्वळ टाइमपास आहे. त्यावरून कुणाचं जनरल नॉलेज ठरवायला जाऊ नका.

आमच्या घरी, म्हणजे गोव्यात फोंड्याला, हे आलं भाच्यासाठी. तो सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करतोय. पावसात संध्याकाळी वीज गेली की टीव्हीही नाही आणि वायफायही नाही. ॲप मात्र नेटशिवाय चालतं, हा त्याचा पहिला गुण. रचना ‘कौन बनेगा करोडपती’ची : १५ पायऱ्या, लाइफलाइन आणि ते धडधड वाढवणारं संगीत. संगीत पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर शेजारचे विचारायला येतात.

पहिले काही आठवडे भाचा सुसाट होता. दहाव्या-अकराव्या पायरीपर्यंत सहज जायचा आणि आम्हीही कौतुक करत होतो. मग एकदा जेवताना २००० सालचा तो गाजलेला प्रश्न आला, ज्याचं उत्तर देऊन हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायचा हक्क राज्यघटनेने यांपैकी कोणाला दिला आहे? भाच्याने सरन्यायाधीश आणि कॅबिनेट सचिव लगेच बाद केले. राहिले सॉलिसिटर जनरल आणि ॲटर्नी जनरल, दोघेही केंद्र सरकारचे वकील. ‘ॲटर्नी मोठा वाटतो’ म्हणून बटण दाबलं. हिरवा दिवा, टाळ्या, एक कोटी!

पपा कोर्टात नोकरीला होते. त्यांनी भाताचा घास मध्येच थांबवून विचारलं, “बरोबर आलं, पण तो तिथे मत देऊ शकतो का रे?”

“देत असेल ना, आजोबा. भाग घेतो म्हणजे...”

“बोलू शकतो, दोन्ही सभागृहांत. मत नाही देता येत. कलम ८८. बरं, आपल्या पर्वरीच्या विधानसभेत तसा कोण?”

भाचा गप्प. समोर चार पर्याय असते तर त्याने ॲडव्होकेट जनरल नक्की ओळखला असता. (म्हणजे राज्य सरकारचा मुख्य वकील. राज्यासाठी कलम १७७, हे मलाही तेव्हाच कळलं.) त्या रात्री आम्ही सेटिंग शोधून काढलं आणि पर्याय झाकले. भाचा अकराव्या पायरीवरून थेट चौथीवर आला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

नुसता हिशेब करून बघा. काहीच येत नसलं तरी चारांतलं एक बरोबर यायची शक्यता २५ टक्के. दोन बाद करता आले की ५० टक्के. १५ प्रश्न निव्वळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता १०७ कोटींत एक, हे खरं. पण तसं कुणी खेळतच नाही. पहिले चार-पाच प्रश्न टीव्हीवाले मुद्दाम सोपे ठेवतात, कारण स्पर्धक पहिल्याच प्रश्नाला बाद झाला तर कार्यक्रम काय दाखवणार? म्हणजे शिडी बांधली ती प्रेक्षक जागेवर बसून राहावा म्हणून. ॲपने ती जशीच्या तशी उचलली आणि वर त्या पायरीला ‘तुमची ज्ञानपातळी’ असं नाव दिलं, हे मला पटत नाही.

पर्याय झाकल्यावर मात्र हे खरंच कामाचं आहे. आठवायला दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि चुकलं, तरी ते उत्तर पुढे डोक्यात राहतं, असा आमचा अनुभव. ‘भारतातला पहिला छापखाना कुठे सुरू झाला?’ याला गोव्यात जन्मलेल्या या मुलाने बंगालमधलं श्रीरामपूर सांगितलं! बरोबर उत्तर गोवा, साल १५५६. जेझुइट पाद्र्यांचा तो छापखाना खरं तर ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघाला होता आणि गोव्यातच राहिला. ही पुढची गोष्ट ॲपमध्ये नाही, ती पपांनी सांगितली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा भाच्याने सालासकट उत्तर दिलं.

आता तक्रारी. मोठी तक्रार शिळ्या उत्तरांची. ‘केंद्रशासित प्रदेश किती?’ याचं ॲपमधलं उत्तर ९. जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले ३१ ऑक्टोबर २०१९ ला, आणि दमण-दीव व दादरा-नगर हवेली एकत्र झाले २६ जानेवारी २०२० ला. म्हणजे ९ हे उत्तर जेमतेम तीन महिने खरं होतं. कुणीतरी त्या तीन महिन्यांत प्रश्न लिहिला आणि परत उघडून बघितला नाही. पपांना याचा राग जास्त, कारण १९८७ पर्यंत दमण-दीव आमच्याच संसारात, म्हणजे गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होते. सर्वाधिक चंद्र असलेला ग्रह म्हणून ॲप अजून गुरू सांगतं; २०२३ मध्येच शनी पुढे गेला आणि २०२५ मध्ये त्याचे चंद्र २७४ झाले. दोन्ही चुका कळवल्या. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, चुका तिथेच आहेत.

गोव्यावरचे प्रश्न म्हणजे राजधानी, सर्वांत लहान राज्य आणि समुद्रकिनारे. बारा तालुके, माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, यातलं मला तरी काही दिसलं नाही. (कौलाचा प्रश्न नाही हे एका परीने बरं. आमच्याकडे तो विषय निघाला की वाद रंगतो आणि हुमण (माशाची आमटी) थंड होतं.) चवथीला आई माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) बांधायची फळं निवडत होती : माट्टी, कवंडळां, घागऱ्यो. भाच्याला एकाचंही नाव येत नव्हतं, आणि हा मुलगा बॉलीवूडच्या प्रश्नात कधी अडकत नाही. हिंदी सिनेमा आणि क्रिकेट यांचा भरणाच इतका आहे की दुसरं काही फारसं लागतच नाही. ‘कोण होणार करोडपती’च्या धर्तीचा मराठी संच बरा आहे. त्यात संत आणि गडकिल्ले पुष्कळ, त्यामुळे पपा तिथे भाच्याला सरळ हरवतात.

प्रेक्षकांचं मत ही लाइफलाइन तर खोटीच वाटते. प्रश्न कितीही अवघड असो, बरोबर उत्तराचा खांब सगळ्यांत उंच! आमच्याकडे ती वापरायला बंदी आहे. त्याऐवजी घरातल्या कुणाला तरी विचारायचं.

परीक्षेसाठी घेत असाल तर चालू घडामोडींसाठी यावर अजिबात विसंबू नका, त्याला रोजचा पेपरच हवा. घरात तीन पिढ्या असतील आणि जेवताना वाद चालत असतील, तर जरूर घ्या. पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत फक्त जाहिराती जातात, प्रश्न तेच राहतात. आम्ही ती एकाच फोनवर घेतली. वर्ष संपलं की पैसे आपोआप कापले जातात, ते घेतल्याबरोबर बंद करून ठेवा.