फोर्टिगेट ६०एफ : अपडेटआधीच्या तयारीचा अनुभव

जळगावच्या एमआयडीसीतील आमच्या डाळ मिलच्या कार्यालयात तीन वर्षांपासून फोर्टिनेटची ‘फोर्टिगेट ६०एफ’ ही फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारे यंत्र) आहे. अमळनेर आणि चोपडा येथील आमची खरेदी केंद्रे तिच्यामार्फत मुख्य कार्यालयाशी जोडलेली आहेत, आणि आमचे सीए धुळ्याहून टॅली पाहतात तेही तिच्याच वाटेने. रोजच्या कामात ती मुकाट चालते. पंखा नसल्यामुळे डाळीची धूळ आत ओढली जात नाही आणि दहा पोर्ट आम्हाला पुरून उरतात. तिचा खरा स्वभाव मात्र ७.० मालिकेचे फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली प्रणाली) बदलायला घेतले तेव्हा कळला.

पहिला प्रश्न होता कुठवर जायचे हा. या मॉडेलची मेमरी २ जीबी आहे आणि सगळे त्यावरच अडते. ७.४.४ पासून एवढ्या मेमरीच्या यंत्रांवरील प्रॉक्सी पद्धतीच्या (मजकूर मध्येच थांबवून पाहणाऱ्या) तपासणीच्या सुविधा कंपनीने काढून टाकल्या, तर ७.६.० पासून एसएसएल व्हीपीएनही काढले (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित येण्याची ही वाट आमचे सीए वापरत). म्हणजे सर्वांत नवे ते सर्वांत चांगले असे समजून कोणी बटण दाबले असते, तर दुसऱ्या दिवशी सीएंचा फोन आलाच असता. एसएसएल व्हीपीएनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालेली त्रुटी इतकी गंभीर होती, की लॉग-इन न करताही बाहेरच्याला यंत्रावर आपला कोड चालवता येत असे. त्यामुळे ती सुविधा गेल्याचे मला दुःख नाही, पण विकत घेतलेल्या यंत्राची कामे वाटेत कमी होत जावीत हे ग्राहक म्हणून खटकते. आम्ही ७.४ वर थांबायचे ठरवले, प्रॉक्सीवरचे नियम आधीच फ्लो पद्धतीत (मजकूर न थांबवता जाता जाता तपासण्याच्या) आणले आणि सीएंना आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनवर हलवून आठवडाभर ते वापरायला लावले.

अपडेटच्या वाटेबाबत मात्र कंपनीची बाजू भक्कम आहे. सध्याची आणि हवी ती आवृत्ती निवडली की मधल्या कोणत्या पायऱ्या घ्यायच्या हे तिचे ‘अपग्रेड पाथ’ साधन सांगते, आणि थेट उडी न मारता त्याच क्रमाने जावे. यंत्रात फर्मवेअरसाठी दोन कप्पे असल्याने जुनी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात शिल्लक राहते. तरीही सेटिंगचा बॅकअप प्रत्येक पायरीपूर्वी बाहेर काढून ठेवावा. ६०एफमध्ये डिस्क नसल्याने मेमरीतील नोंदी रीस्टार्टबरोबर पुसल्या जातात. त्या हव्या असतील तर आधीच उतरवून घ्याव्यात. (डिस्क हवी असेल तर ६१एफ आहे.) फर्मवेअर कंपनीच्या पोर्टलवरून उतरवायला सपोर्टचा करार चालू लागतो, तेव्हा त्याची मुदतही आधी पाहावी.

आमचा सर्वाधिक वेळ यंत्रावर गेलाच नाही. इंटरनेट जोडणीचा पासवर्ड पूर्वीच्या ठेकेदाराने कुठेही लिहून ठेवला नव्हता, आणि तो मिळवण्यात दोन दिवस मोडले. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट यंत्राला जोडणारी) शोधून ती लॅपटॉपवर ९६०० बॉडच्या वेगाने चालते याची खात्री केली, कारण यंत्र सुरूच झाले नाही तर तोच एक मार्ग उरतो.

मुहूर्त आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) निवडला, कारण त्या दिवशी मिल बंद असते. काम पहाटे साडेपाचला सुरू केले. ६०एफसाठी कंपनीने ४० अंशांची मर्यादा दिली आहे आणि वैशाखात आपल्याकडे दुपारी पारा ती ओलांडतो. शिवाय त्या वेळी विजेचाही भरवसा नसतो. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी प्लग काढून तपासली होती. शेवटच्या पायरीनंतर सेटिंगमधील न स्वीकारल्या गेलेल्या ओळी दाखवणारी आज्ञा चालवली. यादी रिकामी आली. चोपड्याची जोडणी लगेच आली. अमळनेरची येईना, तेव्हा तिथल्या आप्पांना घागर पुजायच्या आधी केंद्रावर जाऊन मॉडेम बंद-चालू करायला सांगितले, आणि सव्वाआठला तीही आली.

आज नवीन घेणाऱ्याने ६०एफऐवजी जास्त मेमरीचे मॉडेल पाहावे.