सेल्फ जड फिरत होता, बॅटरी न बदलता काम झालं
गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, सकाळी सेल्फ (स्टार्टर) मारला की कुंथत कुंथत फिरायचा आणि मग कशीबशी चालू. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने न तपासताच बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदला सांगितलं, म्हणून सातपूरच्या या छोट्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. काकांनी आधी मल्टिमीटर लावला. बंद गाडीत 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी फुल चार्ज, सेल्फ मारताना पण 10 च्या वरच, आणि गाडी चालू झाल्यावर 14.2, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ओके. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून मला सेल्फ मारायला लावला तर दीड व्होल्ट दिसले, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजेत म्हणे, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टीच गंजलेली! पट्टी नवीन टाकली, टर्मिनल घासून ग्रीस लावलं, आता अर्ध्या सेल्फला गाडी चालू. बिल पण किरकोळ. फक्त फोन उचलत नाहीत आणि दुपारी जेवायला शटर खाली असतं, सकाळीच जा. पार्किंगची बोंब आहेच, पण काम एक नंबर.