कुलूप उघडायला शिकायचा सेट: पारदर्शक कुलपाला मी खोळ शिवली

सेट घेऊन सव्वातीन महिने झाले. बाकीच्यांनी पार्सल फोडल्या फोडल्या पाच तारे देऊन टाकलेत आणि खाली लिहिलंय काय, तर 'पॅकिंग छान'. म्हणून म्हणलं, आपण वापरून मग लिहावं.

मी नांदेडला ब्लाउज शिवायचं दुकान चालवते. महालक्ष्म्यांच्या तोंडावर दुकानाच्या शटरची चावी हरवली. आत बायकांचे चाळीसेक ब्लाउज, बाहेर मी. वजिराबादेतून चावीवाले सरदारजी आले. आमच्याकडं हे काम करणारे बरेचसे शिकलगार शीख आहेत, पिढ्यान् पिढ्या लोखंडातले. त्यांनी दोन तारा आत घातल्या, पाच-सात मिनिटांत शटर वर, तीनशे रुपये घेतले आणि गेले. मी मात्र त्यांच्या हाताकडंच बघत राहिले होते. नजर रस्त्यावरच्या ऑटोकडं, बोटं कुलपात. काज करताना माझंही तसंच असतं, डोळ्याचं काही काम नसतं. त्याच रात्री हा सेट मागवला, ७४९ रुपये.

आत काय येतं ते सांगते. बारा लांबट पोलादी सुया, कुणाचं टोक आकड्यासारखं वळलेलं, कुणाचं करवतीच्या दातांचं, एकाचं अर्ध्या शंकरपाळ्यासारखं. वाकवलेल्या तीन एल पट्ट्या. दोन चाव्यांसकट एक पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप, ज्यात आतलं सगळं दिसतं. आणि रेक्झिनचा पाऊच. पाऊचबद्दल शेवटी बोलते, कारण त्याच्यावर माझा राग आहे.

पहिल्या रात्री पारदर्शक कुलूप मी मिनिटाच्या आत उघडलं. मुलानं उघडलं. आमच्या आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांनी 'बघू गं' म्हणून करवतीदाती सुई नुसती आतबाहेर घासली आणि उघडलं. घरात सगळेच चोर निघाले म्हणून आम्ही लई हसलो. दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेचं जुनं पितळी कुलूप काढलं, छोटंच, पाच पिनांचं. ते काही केल्या उघडेना. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस.

ह्यात सेटची चूक कुठं आणि माझी कुठं, हे कळायला कुलपाचं पोट समजून घ्यावं लागतं. ह्या कुलपात चावी जिथं शिरते तो मधला गोल भाग फिरायला बघत असतो आणि वरून उतरलेल्या पिना त्याला अडवतात. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. बरोबर चावी घातली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि गोल फिरतो. धाकट्या लायनस येलनं अमेरिकेत १८६१ साली ह्या रचनेचं पेटंट घेतलं, ती अजून चालूच आहे. आता चावी नसताना हे उघडतं कसं? एका वेळी सगळ्या पिना अडकत नाहीत म्हणून. भोकं कितीही नीट पाडली तरी केसभर इकडं-तिकडं होतातच. ब्लाउजचे पाच हूक मापानं लावा, तरी घातल्यावर ओढ आधी एकाच हुकावर येते, तसं. एल पट्टीनं गोलाला हलकासा पीळ द्यायचा, मग एकच पीन घट्ट होते. सुईनं ती शोधायची, वर ढकलायची, बारीक टिक् होतं, गोल सुतभर सरकतो. मग ओढ दुसऱ्या पिनेवर. ती पहिलीच्या शेजारची असेल असं नाही, चौथी असेल, दुसरी असेल. हा क्रम बोटानं वाचायचा.

पारदर्शक कुलपात हे वाचायला लागतच नाही, कारण दिसतं. शिवाय त्याची भोकं इतकी ढिली आहेत की चुकीच्या क्रमानं ढकललं तरी चालतं. म्हणजे सेट विकणाऱ्यानं शिकायला म्हणून जे दिलंय, ते नेमकं जे शिकायचं तेच शिकू देत नाही. मी मग अस्तराचा उरलेला तुकडा घेतला आणि त्या कुलपाला खोळ शिवली, नाडीची, फक्त चावीचं तोंड उघडं राहील अशी. खोळ घातल्यावर त्याच कुलपाला मला पहिल्या वेळी अर्धा तास लागला. तुम्ही सेट घेतला तर पहिल्या दिवशी आत बघा, मुलांना दाखवा, समजून घ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून झाका. रुमाल गुंडाळला तरी चालेल.

आता एल पट्ट्या. हे सगळं काम पीळ किती द्यायचा त्याच्यावर आहे. नवीन माणूस सुईकडं लक्ष देतो, पट्टी दाबून धरतो आणि पिना जाम होऊन बसतात. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. टेन्शनचं बटण अर्धा आटा जास्त फिरलं की कापड चुण्या घेतं, कमी पडलं की खालून धाग्याचे फासे. पण हा अंदाज बोटाला यायचा तर पट्टीनं साथ द्यायला पाहिजे ना. सेटमधल्या तिन्ही जाड, कडा कापून तशाच सोडलेल्या, पितळी कुलपाच्या तोंडात ठेवल्या तर सुईला जागाच उरत नाही. एक तर चौथ्या दिवशी वळली आणि तशीच राहिली. शेवटी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून फेकून दिलेला वायपर आणला. त्याच्या रबराच्या बाजूनं पातळ पोलादी पट्टी असते. ती तोडली, पॉलिश पेपरनं कडा घासल्या, गॅसवर टोक तापवून वाकवलं. फुकटातली ही पट्टी सेटमधल्या तिघींना भारी आहे.

नवव्या दिवशी दुपारी लाईट गेली, मशीनच्या मोटरी बंद, पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा टिक् नीट ऐकू आलं. तिसरी, पहिली, पाचवी, दुसरी, चौथी. कुलूप हातात उघडलं तेव्हा सांगायला दुकानात कुणी नव्हतं. नऊ दिवस लागले म्हणून मिस्टर चेष्टा करू लागले, तर मुलानंच मोबाईलवर शोधून त्यांना ऐकवलं: १८५१ साली लंडनमध्ये आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ब्रामा ह्या तिथल्या कुलूपवाल्या कंपनीचं कुलूप उघडलं, जे उघडणाऱ्याला दोनशे गिनी देऊ अशी पाटी वर्षानुवर्षं दुकानाच्या खिडकीत होती. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आणि त्याच १८५१ मध्ये सिंगरनं शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, हे मी माझ्याकडून घातलं.

ह्यापुढचं कुलूप अजून चालू आहे. मुलानं इतवाऱ्यातल्या भंगारवाल्याकडून वीस रुपयांत आणलेलं. त्यात काही पिना रिळाच्या आकाराच्या आहेत, मधे बारीक, दोन्ही टोकांना जाड. त्या मुद्दाम फसवायला असतात. गोल चांगला मोठा फिरतो, आपल्याला वाटतं उघडलं, आणि तिथंच अडतो. रिळाची कंबर अडकलेली असते. मग पट्टीवरचा पीळ अगदी थोडा सोडून गोलाला उलटा येऊ द्यायचा आणि त्याच वेळी पीन वर न्यायची. जास्त सोडला की बसलेल्या सगळ्या पिना खाली. दोनदा उघडलंय, तिसऱ्यांदा नाही. रिळानं मलाच फसवावं!

जाहिरातीत 'सर्व कुलपांसाठी' लिहिलंय, ते खोटं आहे. ज्यासाठी मी हे सगळं मागवलं त्या शटरच्या कुलपाला ह्यातली एकही सुई लागत नाही. ते लिव्हरचं. कुलपावर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं ते बघा. त्यात पिना नसतात, एकावर एक पातळ पट्ट्या असतात, आणि सगळ्यांच्या खाचा जुळल्याशिवाय कांडी सरकत नाही. त्याची हत्यारं वेगळी. माझ्या घरात-दुकानात मिळून सहा कुलपं, त्यातली चार लिव्हरची. म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या, सरदारजींचा नंबर जपून ठेवा.

ते सरदारजी मधे शिवायला कापड घेऊन आले होते. मी ऐटीत पितळी कुलूप उघडून दाखवलं. त्यांनी बघितलं, खिशातनं कोरी चावी काढली, कुलपात घालून पिळली, बाहेर काढून उजेडात धरली, पिनांचे डाग जिथं पडले तिथं कानस मारली, परत घातली. चहा येईपर्यंत नवी चावी तयार. म्हणाले, "ताई, खोललं तर खरं. उद्या परत खोलायला परत बसणार का?"

पोलिसांचं सगळेच विचारतात. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या एक वकीलताई आहेत, त्यांनी मला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १२२ सांगितलं. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं आणि योग्य कारण सांगता आलं नाही तर तो गुन्हा, आणि कारण सिद्ध करायचं आपणच. म्हणून माझा सेट दुकानाच्या गल्ल्यातच असतो, पर्समध्ये कधी नाही. परदेशात ह्या छंदाची मंडळं आहेत, जर्मनीतलं १९९७ पासूनचं. तिकडं दोन नियम पाळतात: कुलूप स्वतःचं पाहिजे, आणि ते वापरातलं नको. दुसरा नियम मी ट्रंकेच्या वेळी मोडला होता. पण ट्रंकेत जुनी गोधडीच होती.

तीन तारे. सुयांचं पोलाद चांगलं आहे, सव्वातीन महिन्यांत एकही मोडली नाही. एक तारा एल पट्ट्यांचा कापला, आणि एक पाऊचचा. रेक्झिनला एवढी लांब टीप कोण घालतं? धागा साधा, टोकाला उलटी टीप नाही, कप्पे दुसऱ्या आठवड्यात उसवायला लागले. सगळा उसवून नायलॉन धाग्यानं परत शिवला, आत अस्तर घातलं. माझी मजुरी धरली तर सेट ७४९ ला नाही, ८२९ ला पडला.